आवाज घरभर

बाबा गेल्यावर आई त्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होती. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि अंधारा. एकदा ती पिशवीसकट घसरली आणि खालच्या शेजारणीने तिला उचलून वर नेलं. ही गोष्ट आम्हाला आईकडून नाही, शेजारणीकडून कळली. मग ताईने आणि मी तिच्या मागे लागून तिला ताईकडे राहायला यायला राजी केलं. राजी म्हणजे अर्धीच. महिनाभर राहून बघते, म्हणाली, करमलं तर राहीन, नाहीतर माझं घर आहेच. घरमालकाकडे दुसरं बिऱ्हाड तयार होतं. त्याने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं, आणि तेही बाबांकडे बघून, असं त्याने आईला ऐकवलं.

महिनाअखेरीला आई परत गेली असती तर तो जिना होता, ते गुडघे होते, आणि हाक ऐकायला कुणी नव्हतं. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं, पण ते तिला पटवून देण्यात अर्थ नव्हता.

ताईने तिची खोली नीट लावली होती. उन्हाची बाजू, कपाट रिकामं, पलंगाची उंची गुडघ्यांना बेताची. आईने सगळ्याला छान आहे म्हटलं. छान आहे हे आई पाहुणी म्हणून गेल्यावर म्हणते. स्वतःच्या घरात तिने कशालाही कधी छान म्हटलेलं मला आठवत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. आईला विचारलं काय हवं, तर म्हणाली काही नको, फक्त इथे फार शांत आहे. "आता शांततेची पण तक्रार," ताई म्हणाली. "तुझ्या खात्यातलं काम आहे हे. तू बघ."

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे उपकरणं तपासली जातात. थर्मामीटर, दाबमापक, वजनं. ती खरं सांगतात की नाही ते आम्ही बघतो. त्यामुळे तार, प्लग, आवाज, उजेड यातलं काहीही बिघडलं की ते माझ्या खात्यातलं असतं, अशी ताईची समजूत आहे. पण या वेळी तिचं बरोबर होतं. आईच्या घरात गाणं असायचं. बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक, आणि सुतार मित्राकडून बनवून घेतलेले कमरेएवढे उंच दोन लाकडी स्पीकर. संध्याकाळी बाबा कामावरून आले की हातपाय धुवून आधी कॅसेट लावायचे, मग चहाचं विचारायचे. कॅसेटी बहुतेक एकाच गायिकेच्या. आईला ती आवडायची, म्हणून बाबांनाही आवडायची. आई स्वयंपाकघरात, ताई बाहेरच्या खोलीत अभ्यासाला, मी खिडकीत, आणि ते गाणं आम्हा सगळ्यांच्या आजूबाजूला. माझं लहानपण मला आठवतं ते चित्रांनी कमी, त्या आवाजाने जास्त.

ते मोठे स्पीकर आता आणण्यासारखे नव्हते. त्यांच्या पडद्यांच्या कडा भुसभुशीत होऊन गळून गेल्या होत्या, आणि शेवटी शेवटी आवाज येण्याऐवजी फरफर यायची. शिवाय ताईच्या घरात ते ठेवले असते तर आईला पलंग बाहेर काढावा लागला असता. अ‍ॅम्प्लिफायर मात्र ठणठणीत होता. टेपडेकचा आतला पट्टा सैल झाला होता, तो मी बदलून घेतला. राहिले स्पीकर. शेल्फवर मावतील असे, छोटे, आणि स्वस्त. स्वस्त ही आईची अट. माझ्यासाठी पैसे उधळलेत तर मी ऐकणार नाही, असं तिने आधीच बजावलं होतं.

दुकानदार मला बघून प्रथम आनंदला, मग हळूहळू कमी आनंदला. त्याने मला महाग जोडी आधी ऐकवली आणि स्वस्त नंतर, आणि महागाच्या वेळी आवाजाची कळ थोडी पुढे सरकवली. यात लबाडी असेलच असं नाही, हाताला तशी सवय लागते. पण दोन आवाजांपैकी मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो, मग तो चांगला असो वा नसो. मी त्याला सांगितलं की दोन्ही जोड्या एकाच आवाजावर ऐकवा, आणि फोनवरचं आवाज मोजायचं साधन काढून समोर ठेवलं. गाणंही माझंच लावलं, आईच्या कॅसेटवरचं, जे मला पाठ होतं. न ऐकलेल्या गाण्यावरून स्पीकर निवडणं म्हणजे अनोळखी माणसाच्या फोटोवरून आरसा निवडणं.

"मॅडम," तो म्हणाला, "गाणं ऐकायला आलात की धाड टाकायला?"

सारख्या आवाजावर ऐकल्यावर महाग जोडी तितकीशी महाग वाटेना. तिसरी, खालच्या फळीवरची, जिच्या खोक्यावर धूळ होती, ती मला आवडली. तिच्यात ढोलकीचा ठोका फुगत नव्हता आणि बाईचा आवाज नाकात जात नव्हता. खोल आवाज थोडा कमी होता, पण लहान खोक्यातून खोल आवाजाची अपेक्षा धरू नये. जे लहान स्पीकर तसा दावा करतात ते बहुतेक गुरगुरतात. मी तीच जोडी घेतली. उरलेल्या पैशांची चांगली जाड तार घेतली, आणि खाली ठेवायला रबराचे चार तुकडे.

खरं म्हणजे स्पीकरचे पैसे दुकानात वसूल होत नाहीत, घरी होतात. मी आईच्या खोलीत एक अख्खी दुपार घालवली. स्पीकर भिंतीला चिकटून ठेवले तर आवाज घुमतो, म्हणून शेल्फच्या पुढच्या कडेपर्यंत ओढले. आईच्या खुर्चीत बसून कानाची उंची बघितली आणि त्या उंचीची फळी मोकळी केली. दोन्हींची तोंडं खुर्चीकडे किंचित वळवली. समोरच्या उघड्या भिंतीवरून आवाज परत येत होता, तिथे ताईची जुनी गोधडी टांगली. भावोजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, एवढी मेहनत आमच्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी कुणी घेतली नव्हती.

मग कॅसेट लावली.

मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल. पण त्यात एक मोठं तंतुवाद्य मागे सावकाश चालत असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि बाईचा आवाज. तो डाव्या स्पीकरमधून येत नव्हता, उजव्यातूनही नाही. दोन्हींच्या बरोबर मध्ये, जिथे शेल्फवर फक्त आईच्या गोळ्यांचा डबा होता, तिथे ती उभी राहून गात होती. श्वास घेताना सुद्धा ऐकू येत होती. एवढ्या स्वस्त जोडीकडून याहून जास्त मागणं अन्याय झाला असता. ताई दारात येऊन उभी राहिली आणि चक्क काही बोलली नाही.

आईने एक बाजू पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "छान आहे हो."

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. आई ते लावत नव्हती. ताईने आग्रह केला तर एखादं गाणं ऐकून बंद करायची आणि बाल्कनीत जाऊन बसायची. डोकं दुखतं, म्हणाली होती. त्याच दिवशी तिने घरमालकाला फोन करून पाण्याच्या टाकीचं काम झालं का ते विचारलं होतं.

"टाकीचं कशाला विचारेल सोडायचं असेल तर?" ताई म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

मी सुट्टी काढून गेले. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मी तिला सरळ विचारलं की आवाजात काय खुपतं. तिने बराच वेळ टाळलं. तू एवढं केलंस, खराब कुठे आहे, असं म्हणत राहिली. मी म्हटलं, आमच्याकडे जे उपकरण आणून देतात ते सुद्धा आधी असंच सांगतात, काही नाही जरा चुकतंय. तेव्हा ती हसली.

"ती माझ्यासमोर येऊन उभी राहते गं," आई म्हणाली. "माझ्याकडे बघत गाते. मग हातातलं काम टाकून ऐकावं लागतं, नाहीतर बरं नाही वाटत. आपल्या घरी ती अशी नव्हती. आपल्या घरी ती सगळीकडे असायची. मी चुलीपाशी असले तरी, कपडे वाळत घालत असले तरी. कुठून येतेय ते कळायचं नाही. घरात कुणीतरी आहे, एवढंच कळायचं."

माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. जुना आवाज आठवणीत गोड होतो, खोली वेगळी असते, कान वयाने बदलतात. ही तिन्ही कारणं खरी आहेत. मी त्यातलं एकही बोलले नाही, कारण आईने जे सांगितलं ते आठवणीचं वर्णन वाटत नव्हतं. ते एखाद्या चांगल्या निरीक्षणासारखं वाटत होतं. कुठून येतेय ते कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या जुन्या घरी गेले. तिला तिची लोखंडी कढई हवी होती, निमित्त तेच होतं. घर बंद असल्याचा वास सुटला होता. ते दोन लाकडी स्पीकर भिंतीशी आपापल्या जागी उभे होते, आणि त्यांच्या तारा अजून जमिनीवर लोळत होत्या, पलीकडच्या टोकाला आता काहीच नसलेल्या. मी वाकून त्या गोळा करायला लागले. तार दुपदरी होती, एक पदर लाल, एक काळा, आणि प्रत्येक खोक्यामागे ती अडकवायला तशाच दोन रंगांच्या खुंट्या. डाव्या खोक्याच्या मागे लाल पदर लाल खुंटीला होता आणि काळा काळ्याला. उजव्याच्या मागे लाल पदर काळ्या खुंटीला घट्ट पिळून बसवला होता, आणि काळा लालला. तांब्यावर हिरवट गंज चढला होता. ती जोडणी पहिल्या दिवसापासून कुणी सोडलेली नव्हती.

मी तिथेच जमिनीवर बसले.

याचा अर्थ सोपा आहे. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. दोघे एकमेकांचं पुसत राहतात. खोल आवाज बराचसा नाहीसा होतो, म्हणून ते तंतुवाद्य आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आणि मधली बाई मध्ये उरत नाही. तिचा आवाज खोलीभर विखुरतो, आणि कुठेही बसलं तरी तो दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. पुस्तकात याला दोष म्हणतात. तो काढायला एक मिनिटही लागत नाही. आमच्या घरात तो दोष आमच्या लहानपणाएवढा जुना होता.

मला वाटलं, त्या सुतार मित्राने जोडलं असणार. कारण बाबा अशा बाबतीत हयगय करणारे नव्हते. ते इस्पितळात एक्स-रे काढायचे. हाडाची सावली एका केसाएवढी हलली तरी फिल्म पुन्हा घ्यायचे. डार्करूममध्ये त्यांच्याइतका सराईत हात कुणाचा नाही, असं तिथले डॉक्टर सांगायचे.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात मी कढई ठेवली आणि आईला विचारलं, स्पीकरच्या तारा जोडल्या कुणी होत्या.

"ह्यांनीच," आई म्हणाली. "का?"

मी सांगितलं. लाल काळ्याला, काळी लालला, एकाच बाजूला.

आई कढई पुसत होती. तिचा हात थांबला. मग तिने ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू विचारत होती की आता सांगितलं तर चालेल ना.

"तुझ्या बाबांना लाल दिसायचा नाही," ती म्हणाली.

आम्हा दोघींना हे माहीत नव्हतं. आईने ते सगळ्या संसारभर एकटीने सांभाळलं होतं. त्यांना लाल रंग काळपट दिसायचा. टोमॅटो ते दाबून घ्यायचे. सिग्नलला वरचा दिवा की खालचा ते बघायचे. सकाळी शर्ट आई काढून ठेवायची. इस्पितळात कळलं तर नोकरीवर ठेवतील की नाही ही धास्ती त्यांना सुरुवातीला होती, आणि पुढे धास्ती गेली तरी सांगायचं राहून गेलं. एक्स-रेचं काम काळ्या-पांढऱ्याचं, तिथे अडत नसे. डार्करूममध्ये एक लाल दिवा असतो, बाकीचे त्याच्या उजेडात काम करायचे. बाबांना तो लागलेला असून नसल्यासारखा होता. ते सगळं बोटांनी करायचे, आणि लोक त्यांच्या सराईत हाताचं कौतुक करायचे.

"माझ्या रिबिनी," ताई एकदम म्हणाली. शाळेत काळ्या रिबिनी लागायच्या. बाबांनी एकदा गडद लाल आणून दिल्या होत्या, ताई शाळेत बोलणी खाऊन रडत घरी आली होती, आणि बाबा म्हणाले होते की दुकानदाराने फसवलं. ताई इतकी वर्षं त्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होती.

"पण घरात रंगाचं काही असलं की ते मला विचारायचे," आई म्हणाली. "बल्बची तार जोडायची असली तरी हाक मारायचे. लाल कुठली गं, एवढंच. मी हात लावून दाखवायचे. तेव्हा कसं नाही विचारलं?"

तिने स्वतःच हिशेब लावायला सुरुवात केली. स्पीकर कधी आले. सुताराने कधी आणून दिले. मग ती खुर्ची ओढून बसली.

"मी घरी नव्हते," ती म्हणाली. "मी इस्पितळात होते. तू झाली होतीस. ताई मावशीकडे. मी तुला घेऊन आले तेव्हा दारातूनच गाणं ऐकू आलं. मला दाखवायचं म्हणून सगळं तयार करून ठेवलं होतं त्यांनी. विचारायला घरात होतंच कोण?"

ताईने गॅसवरचं दूध बंद केलं.

"आणि कुणाला विचारलंही नसतं," आई म्हणाली, "सुताराला तर नाहीच. दोनातली एक निवडली असेल. डावीकडे बरोबर पडली."

मग तिने मला विचारलं की नव्या स्पीकरच्या तारा तशा लावता येतील का.

येतील, मी म्हटलं, काही बिघडत नाही, पण आवाज खोटा होईल. खोल सूर जातील, ते मागचं वाद्य जाईल. मला हे सांगणं भाग होतं. ताई म्हणाली, म्हणजे हिने दुकानदाराला छळून, माझी गोधडी भिंतीला ठोकून बसवलेला आवाज आपण मुद्दाम बिघडवायचा? तसं असेल तर त्यापेक्षा स्वस्त मिळाले असते.

"बिघडवायचा नाही," आई म्हणाली. "तसा लावायचा."

मी खोलीत जाऊन अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि उजव्या स्पीकरच्या मागे हात घालायला वाकले. आईने मला बाजूला केलं. मला दिसतंय, म्हणाली. चष्मा कपाळावरून खाली ओढला, दोन्ही पदर स्वतः सोडवले, आणि लाल तार काळ्या खुंटीत खोचली. बोटांना जोर नव्हता म्हणून शेवटचा पीळ मी दिला, तेवढाच.

कॅसेट लावली. बाई मधून निघून गेली. गोळ्यांच्या डब्यापाशी कुणी नव्हतं. खोल सूर गेले, ते वाद्य गेलं, आवाज पातळ झाला आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून, दारातून, छताकडून आल्यासारखा यायला लागला. मोजायच्या कुठल्याही कसोटीवर तो आधीपेक्षा वाईट होता. मी खिडकीत बसलेली आहे, उतरतं ऊन आहे आणि बाबा मोरीत पाय धूत आहेत, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

आई ऐकायला थांबलीच नाही. ती स्वयंपाकघरात गेली. ताईने कणीक मळायला घेतली होती, ती परात आईने स्वतःकडे ओढली आणि म्हणाली की एवढी सैल कणीक तिने आयुष्यात बघितली नव्हती. ताई म्हणाली, इथे अशीच मळतात. आई म्हणाली, मळत असतील. ताईचा आवाज चढत गेला, आईचा तर होताच, आणि भावोजी हळूच पेपर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

कॅसेटची बाजू संपायच्या आत आईने हात धुतले आणि घरमालकाला फोन लावायला सांगितलं. मी लावून दिला. तिने त्याला सांगितलं की दुसऱ्या बिऱ्हाडाला येऊ द्या. टाकीचं बघून घ्या, नव्या लोकांना त्रास नको. भिंतीतले खिळे ती काढून घेणार नव्हती, ते चांगले घट्ट बसलेत, लागतील कुणालातरी. पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं.

"नाही, नाही," आई म्हणाली, एका कानावर हात ठेवून, "पाहुणे नाहीत. गाणं लागलंय."